गोगलगायीची आठवण

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ॲप्लिसिया नावाची एक थोराड समुद्री गोगलगाय सापडते. आठवण मेंदूत कशी बसते, हे शोधायला एरिक कँडेल यांनी 1960च्या दशकात हीच निवडली, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. पण कँडेल यांचा हिशेब पक्का होता. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी. हिच्याकडे जेमतेम 20 हजार, आणि त्यांतल्या काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या.

हिच्या कल्ल्याजवळ पाणी बाहेर सोडणारी नळी असते. तिच्यावर पाण्याची बारीक चिळकांडी उडवली, की कल्ला झटकन आत जातो. पुन्हा पुन्हा उडवा, ती सरावते आणि कल्ला फारसा हलत नाही. आता गंमत ऐका. लागोपाठ 40 वेळा असं केलं, तर हा सराव एकच दिवस टिकला. तेच 40 वेळा, पण रोज 10 याप्रमाणे 4 दिवस केलं, तर तो काही आठवडे टिकला!

शेपटीला विजेचा झटका दिला, तर उलटंच घडतं. ती असा धसका घेते, की साध्या स्पर्शानेही कल्ला जोरात आत जातो. एका झटक्याचा धसका काही मिनिटांत ओसरतो. थांबून थांबून पाच झटके दिले, तर तो काही दिवस राहतो. एका झटक्याने दोन चेतापेशींमधला सांधा, म्हणजे सिनॅप्स, तात्पुरता बळकट होतो. वारंवार झटके बसले, की निरोप थेट पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, जनुकं कामाला लागतात, नवी प्रथिनं तयार होतात आणि नवे सांधे फुटतात. प्रथिनं बनूच दिली नाहीत, तर आठवण टिकत नाही. या संशोधनासाठी कँडेल यांना 2000 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

माणसाचं प्रकरण अर्थातच जास्त गुंतागुंतीचं. अमेरिकेत 1953 साली हेन्री मोलेसन यांच्यावर फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली. तीत कानशिलांच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा काढला गेला. पुढे नुकतंच जेवून उठल्याचंही त्यांना आठवेना. लहानपण मात्र आठवे. म्हणजे नवी आठवण बसायला हिप्पोकॅम्पस लागतो, पण जुन्या आठवणींचा मुक्काम हळूहळू मेंदूच्या बाह्यपटलात हलतो. या हलवाहलवीला खूप वेळ लागतो, आणि त्यातलं बरंच काम झोपेत होतं.

तेव्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींनो, रात्रभर जागून केलेली घोकंपट्टी एखाद्या पेपरापुरती पुरेलही. पुढच्या वर्षी लागणारा धडा मात्र आज अर्धा तास, परवा अर्धा तास, आठवड्याने पुन्हा एकदा, असा वाचा. आणि आईबाबांनो, पोरगं पुस्तक मिटून झोपलं, तर "अभ्यास सोडून झोपतोस काय?" म्हणून त्याला उठवू नका. त्याचा अभ्यास चालूच आहे.