सायकल, श्रावण आणि वजनकाटा

आम्ही ताथवड्याच्या एका बचत गटातल्या अकराजणी. आज इथं रेडिओवर सायकलनंच यायचं ठरलं होतं, पण सर्व्हिस रोडला पाणी तुंबलेलं बघितलं आणि गुपचूप रिक्षा केली. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटायचं, या बाया झोपेतसुद्धा पायडल मारतात.

श्रावण तोंडावर आलाय, म्हणून हा विषय घेतला. मटण-मच्छी कमी करायची, सायकल चालवायची आणि वजन ठिकाणावर ठेवायचं. ऐकायला सोपं आहे. आम्ही त्यात दोनदा आपटलो. एकदा सगळ्याजणी मिळून, आणि एकदा आमच्यातली एकटीच.

ताथवडं आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. एका बाजूला हिंजवडीचं आयटी पार्क, दुसरीकडं हायवे, मधे टॉवर. आमच्या सासवांनी इथं खुरपणी केली, काढणी केली, गवताचे भारे डोक्यावरून आणले. शेतं गेली, त्याबरोबर ते कष्टही गेले. भाकरी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि त्यांच्या शेजारी पाव आला, बिस्किटं आली, दुपारची मालिका आली. सासरे लोकांची गोष्ट वेगळी. ते टेल्कोत, बजाजमध्ये, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये कामाला जायचे ते सायकलवर, डबा हँडलला लटकवून, पहाटेची पाळी असली तरी. डब्यात भाकरी, पिठलं, कांदा. मटण जत्रेला, आखाडात, नाहीतर जावई आला तर. आता चिकन आठवड्यातून तीनदा शिजतं आणि दोन गल्ल्या पलीकडं जायलासुद्धा स्कूटर काढली जाते.

दोन वर्षांपूर्वी वस्तीत आरोग्य तपासणी झाली. आम्ही अकराजणी रांगेत उभ्या राहिलो. सातजणींचं वजन उंचीच्या मानानं जास्त, तिघींची साखर वाढलेली. त्याच आठवड्यात आमच्यातली एक एका सोसायटीत कामाला जाते, तिनं बातमी आणली, की तिथल्या पार्किंगमध्ये पोरांच्या सायकली धूळ खात पडल्यात आणि मालक स्वस्तात द्यायला तयार आहेत. गटाच्या पैशातून तीन घेतल्या. दांडा नसलेल्या, बायकांच्या.

शिकताना सगळ्याजणी पडलो. कोपर फुटलं, गुडघा फुटला, आणि बघणाऱ्यांची करमणूक झाली ती वेगळीच. एक गंमत सांगतो. आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर काकू अजून नऊवारी नेसतात. सगळ्यांत आधी सायकल त्यांना जमली, कारण काष्टा असला की पाय मोकळे. सहावारीवाल्यांचा पदर आणि निऱ्या चाकात. शेवटी आम्ही ड्रेस घातले. लाज वाटत असेल तर ऐका : तमिळनाडूत पुदुकोट्टै नावाचा जिल्हा आहे. १९९१च्या सुमारास तिथं साक्षरतेची मोहीम चालली होती आणि तिच्याबरोबरच बायकांना सायकल शिकवली गेली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, हजारोंनी शिकल्या. त्यांनाही आधी गाव हसलंच होतं.

आता पहिलं आपटणं. त्या वर्षी श्रावणात सगळ्यांनी ठरवलं, महिनाभर मटण-चिकन-अंडी बंद आणि रोज सकाळी डांगे चौकापर्यंत सायकल. महिन्याच्या शेवटी काट्यावर उभ्या राहिलो, तर आठजणींचं वजन किलो-दीड किलोनं वाढलेलं! काटा बिघडला म्हणून दुसऱ्या दुकानात गेलो. तोही तेच सांगायला लागला.

मग वहीत लिहून काढलं, कुणी काय खाल्लं ते. सोमवार, शनिवार उपास. उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, भगर, दाण्याची आमटी. एकीनं एका सोमवारी साबुदाणा वडे सात खाल्ले, आणि ती म्हणते कशी, उपासच तर होता. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. त्यात पोट भरतं, पण अंगाला लागणारं प्रथिन नाही म्हणण्याइतकं. नागपंचमीची दिंडं, पौर्णिमेचा नारळीभात, वर सायकल चालवून आलो म्हणून चौकातला वडापाव. हिशोब असा आहे : साठ किलोची बाई अर्धा तास बेताच्या वेगानं सायकल चालवते, तेव्हा साधारण दीडशे ते पावणेदोनशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याहून कितीतरी जास्त असतात, अडीचशे-तीनशेच्या घरात. सायकलनं कमावलं ते वडापावनं नेलं, आणि वर उधारीही करून ठेवली.

म्हणून सायकल वाया गेली का? नाही. साखर असलेल्या तिघींना तिचा उपयोग दिसला, दम वाढला, रात्रीची झोप लागायला लागली. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं अंगमेहनत करा म्हणते, ती सायकलवर सहज होते. पण काट्यावरचा आकडा बराचसा ताटात ठरतो. हे आम्हाला उशिरा कळलं.

दुसरं आपटणं सांगायला जीभ जड होते.

आमच्यातली सगळ्यांत धाकटी, चौतीस वर्षांची. आमचं वजन वाढलं हे बघून तिनं उलटं केलं. श्रावण संपला तरी मटण सोडलेलंच ठेवलं, रात्रीचं जेवण बंद केलं, सकाळी नुसता चहा घेऊन सायकलवर. चार महिन्यांत अठ्ठावन्नची एक्कावन्न किलो झाली. बैठकीत आम्ही टाळ्या वाजवल्या. तिचं उदाहरण इतर गटांना दिलं. तिचे केस गळत होते, जिना चढताना धाप लागत होती, ते तिनं सांगितलंही होतं. आम्ही म्हटलं, नवीन नवीन होतं असं.

एके दिवशी सर्व्हिस रोडवर तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. बाजूनं पाण्याचा टँकर चालला होता. तिला उतरायचं भान राहिलं, सायकल टाकून ती फुटपाथवर बसली, म्हणून वाचली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. बाईचं ते किमान १२ असायला हवं. टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या, हे विसरता येत नाही.

ती काही एकटी नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी निघालं. त्याच पाहणीत पाचातली एक बाई अंगानं कमी भरते, आणि तेवढ्याच, किंबहुना थोड्या जास्त, वजनानं जास्त आहेत. म्हणजे एकाच गावात एकीनं वजन वाढवायला हवं आणि शेजारणीनं कमी करायला. दोघींना एकच सल्ला कसा चालेल?

आणि मटणाचं खरं सांगायचं तर ते आपल्या ताटात होतं कधी? नळ्या पोरांना, चांगल्या फोडी पुरुषांना, आणि सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात राहिलेला तर्रीचा रस्सा आपल्याला. तो आपण दोन वाट्या भातावर ओतून खातो. मटणातलं प्रथिन दुसऱ्यांना, तेल आपल्याला. त्यामुळं मटण कमी करा म्हटलं की बाईचं काही जात नाही असं वाटतं. पण ज्या दिवशी दोन फोडी मिळतात, त्या दिवशी त्यातलं लोह अंगात चांगलं मुरतं. भाजी-कडधान्यातलं लोह तितकं सहज मुरत नाही. मटण कमी करायला हरकत नाही, आम्हीही केलंय. पण त्याच्या जागी काय आलं, ते बघायचं. साबुदाणा आला तर घोटाळा.

आमच्याकडं मटकी आली, हुलगे आले. हुलगे म्हणजे कुळीथ. पूर्वी बैलांना घालायचे म्हणून नाकं मुरडायचो. रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग उसळ. मोड आले की त्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं. वर लिंबू पिळायचंच. लिंबू, आवळा, टोमॅटो, काही तरी आंबट पाहिजे. आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. हे आम्हाला सगळ्यांत अवघड गेलं. जेवणानंतरचा चहा तासभर पुढं ढकलायला दोन महिने लागले, आणि एक काकू अजून ऐकत नाहीत.

पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिन लागतं. आम्ही ते ताटातून मोजलं. ज्वारीच्या दोन भाकरींत बाराएक ग्रॅम. मोडाच्या मटकीच्या मोठ्या वाटीत नऊ. घट्ट वरणाच्या वाटीत सात. पेलाभर दूध किंवा तेवढं दही, सहा. एक अंडं, सहा. मूठभर शेंगदाणे, सात. झाले की सत्तेचाळीस! पण मूठ म्हणजे मूठ, सुपलीभर नव्हे. शेंगदाण्यात तेल भरपूर असतं. शेजारच्या देहूचा वारसा म्हणून आमच्यातल्या दोघी माळकरी आहेत, त्या अंडंही खात नाहीत. त्यांनी दूध-दही कधी चुकवायचं नाही, कारण बी-१२ हे जीवनसत्त्व भाज्यांतून मिळत नाही. हातापायाला मुंग्या येत असतील, फार थकवा वाटत असेल, तर डॉक्टरांना माळेचं सांगा आणि रक्त तपासून घ्या.

काट्याची भीती वाटत असेल तर ब्लाऊज शिवायचा टेप घ्या. साडीची गाठ सोडून, बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता कंबर मोजा. ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असलेली बरी. वजनाचं म्हणाल तर पाच फूट उंचीच्या बाईचं ४३ ते ५३ किलो चांगलं. त्रेचाळीसच्या खाली असाल तर हा कार्यक्रम वजन उतरवायला ऐकू नका, दुपारी एक भाकरी वाढवा.

सायकलीबद्दल दोनच गोष्टी. सीट फार खाली ठेवू नका. पायडल खाली गेल्यावर गुडघा जरासाच वाकलेला राहिला पाहिजे, नाहीतर गुडघे दुखतात आणि बाई सायकलला दोष देते. आणि उपाशीपोटी निघू नका. केळं, नाहीतर चटणी लावून अर्धी भाकरी खाऊन निघा. साखरेच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल, दिवस राहिले असतील, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारूनच.

आमच्या धाकटीला गोळ्या चालू झाल्या, जेवण परत सुरू झालं. आता हिमोग्लोबिन ११.३ आहे आणि वजन चौपन्न. ती म्हणते, चौपन्नला मला पूर्वीचे ब्लाऊजही बसतात आणि जिनाही चढता येतो. बैठकीत टाळ्या वाजवायच्या आधी आता आम्ही रक्ताचा कागद मागतो.

या श्रावणात सोमवारचा उपास आम्ही मोडणार नाही, सासवा घरात आहेत. पण सोमवारी रात्री उपास सोडताना हुलग्याची उसळ आणि भाकरी असं ठरलंय. रविवारी सकाळी हुलगे भिजत घालायची पाळी कुणाची, यावरून सध्या वाद चालू आहे.