बांबू विका, पण कच्चा नको
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



१९८० साली ज्या चाकणला शेतकऱ्यांनी कांद्याच्या भावासाठी रस्ता अडवला, तिथे आज मोटारींचे कारखाने आहेत. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतची नोकरदार माणसे सुटीला लोणावळा, पवना, भीमाशंकरकडे जातात. डोंगर चढतात, तंबूत झोपतात. सिमेंटला कंटाळलेल्या या माणसांना रात्रीपुरती बांबूची झोपडी आवडते. त्या झोपडीचा पैसा कोणाच्या घरात जाणार, एवढाच माझा विषय आहे.

बांबू हे गवत, आपल्या ज्वारीच्याच कुळातले. पण १९२७ च्या वनकायद्याने त्याला झाड ठरवले आणि शेतकऱ्याच्या बांबूमागे परवान्याचे शुक्लकाष्ठ लागले. नव्वद वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, वटहुकूम काढून जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला. यात उपकार कसला? आमच्या कृषी महाविद्यालयातसुद्धा बांबू हे पीक नव्हते. तो म्हणे वनखात्याचा विषय!

आता कोणी सांगेल, कपाशी उपटा आणि बांबू लावा. ऐकू नका. पहिली तोड मिळायला चार-पाच वर्षे जातात, तोवर दुकानदाराची उधारी थांबत नाही. नाल्याचा काठ, पडीक तुकडा, लांबचा बांध, तिथे लावा. कोरडवाहूला मानवेल बरा.

खरी मेख पुढे आहे. साठवलेल्या ज्वारीला जसे सोंडे लागतात, तसा कच्च्या बांबूला भुंगा लागतो, कारण आत पिष्ट असते. मातीत रोवलेली कच्ची काठी दोन-तीन वर्षांत कुजते. म्हणून व्यापारी मातीमोल भाव करतो. तीन वर्षे पुरी झालेली काठीच तोडा, पावसाळ्यात तोडू नका. मग बोरॅक्स तीन भाग, बोरिक अॅसिड दोन भाग, मिळून पाच-सहा किलो शंभर लिटर पाण्यात घालून पंधरवडाभर भिजवा आणि सावलीत उभी वाळवा. हे औषध पावसाने धुऊन जाते. म्हणून झोपडीला दगडी जोते आणि पुढे आलेले छप्पर हवेच.

१९९१ साली शेगावला शरद जोशींनी माजघर शेती सांगितली, ती हीच. सिंधुदुर्गात कुडाळची कॉनबॅक संस्था पर्यटकांसाठी बांबूची घरे उभारते. मेळघाटात लवाद्याच्या केंद्रात कोरकू कारागीर बांबूकाम करतात. बंगळूर विमानतळाच्या २०२२ च्या नव्या इमारतीचे छतही बांबूने मढवले आहे. बांबूच्या बांधकामाला भारतीय मानकही आहे, आयएस १५९१२. गिऱ्हाइकाने शंका काढली तर तो आकडा सांगा.

दिवाळीनंतर तोड सुरू होईल. हौद एकट्याने बांधू नका, पाच-सहा जणांत एक पुरतो. खड्ड्यात जाड प्लॅस्टिक अंथरूनही भागते. मात्र ते पाणी शेतात किंवा ओढ्यात सोडू नका, बोरॉन जास्त झाले की पीक करपते. औषधाची भर घालून त्याच पाण्यात पुढची खेप भिजवा.