लेक निवडून आली तेव्हा

बायांनो, दुपारचं आवरून बसला असाल. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी गोधडीला टाका घालत असेल. हात चालू द्या, कान तेवढा इकडं द्या.

आज हायस्कूलमधल्या मंत्र्यांबद्दल बोलायचंय. मुंबईतले मंत्री नव्हेत, शाळेतले. आपली पोरं शाळेतून येऊन सांगतात, "आई, मी आरोग्यमंत्री झालो," आणि आपण म्हणतो, "बरं झालं, आधी हातपाय धू." तेवढ्यावर विषय संपतो. माझाही संपायचा. पण गेल्या वर्षी आमच्या घरात असं काही घडलं की अजून मनातून जात नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला शाळा भरल्या की शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. मुलं अर्ज भरतात, वर्गावर्गात जाऊन प्रचार करतात, चिठ्ठ्या टाकतात. काही शाळांत आता मोबाइलवरच मतदानाचं यंत्र करतात, बोटाला शाईसुद्धा लावतात. मग मुख्यमंत्री, अभ्यासमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री, स्वच्छतामंत्री अशी वाटणी होते. तुम्ही आपापल्या शाळेत एकदा बघा, स्वच्छतामंत्री कोण आहे आणि क्रीडामंत्री कोण आहे. मी चार शाळांच्या बायांना विचारलं. चारही ठिकाणी झाडू मुलीच्या खात्यात आणि चेंडू मुलाच्या खात्यात.

माझी लेक गेल्या वर्षी नववीत होती. शाळा शेजारच्या गावात, एसटीनं जावं लागतं. आपल्या खेड्यातल्या मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे ती, म्हणून तर जाणं जमतं. ती मुख्यमंत्रिपदाला उभी राहिली आणि दहावीच्या पोरांना मागं टाकून निवडून आली. घरी आली ती उड्या मारतच. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या.

चार दिवसांनी कळलं की मंत्रिमंडळाची बैठक दर शनिवारी शाळा सुटल्यावर असते. म्हणजे नेहमीची गाडी चुकणार, आणि पुढची गाडी अंधार पडता पडता. हे म्हणाले, "तू बघ काय ते." मी बघितलं. रस्ता कसा आहे ते डोळ्यांसमोर आणलं, फाट्यावर बसणारी टोळकी आठवली, लोक काय म्हणतील ते आठवलं. खरं सांगायचं तर शनिवारी संध्याकाळी पाणी येतं, आणि ते भरायला तिच्याशिवाय दुसरं कुणी नाही, हेही आठवलं. मी सरांना फोन केला आणि सांगितलं, तिला नको ते पद. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला द्या.

लेकीला मी सांगितलंच नाही. तिला ते शाळेत प्रार्थनेच्या वेळी कळलं, सगळ्यांसमोर.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस ती गप्प पाणी भरत राहिली, भाकऱ्या थापत राहिली. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "आई, मला एकशे बारा मतं पडली होती. त्या पोरांना मी आता काय सांगू?"

बायांनो, मला त्याचं उत्तर आलं नाही. आपल्या गटात अध्यक्ष निवडताना आपण किती चर्चा करतो. एखादीचा नवरा येऊन म्हणाला, "हिला अध्यक्ष करू नका," तर आपल्याला किती राग येतो. आणि मी तेच केलं, तेही फोनवरून.

मला माझी सातवी आठवली. मी वर्गाची मॉनिटर होते. हजेरीचा कागद, खडू, फळ्यावर तारीख आणि पट, बाईंनी सगळं माझ्याकडं दिलं होतं. रकाने आखून नावं लिहायची, गैरहजर किती, हजर किती, बेरीज जुळली पाहिजे. आज गटाचं दप्तर मी लिहिते ते कुणी प्रशिक्षण देऊन नाही आलं, ते त्या वर्षभरात हाताला लागलं होतं. आठवीला शाळा लांब म्हणून मला घरी बसवलं, तो भाग वेगळा. वेगळा तरी कुठं आहे म्हणा.

मग आम्ही तिघीजणी शाळेत गेलो. पद दिलं होतं ते परत मागायला नाही, तो पोरगाही चांगलाच आहे आणि त्याची काय चूक. आम्ही एवढंच विचारलं की बैठक शाळा सुटल्यावरच का घेता? मुख्याध्यापक म्हणाले, पहिल्यापासून तशीच चालत आली आहे. म्हटलं, तशी घेतली तर बाहेरगावच्या एकाही मुलीला मुख्यमंत्री होता येणार नाही, मतं कितीही पडू देत. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग बैठक शनिवारच्या शेवटच्या तासाला घ्यायचं ठरलं. झाडण्याच्या पाळ्याही लावल्या, रोज दोन मुलं, दोन मुली. पहिल्या आठवड्यात एका मुलाची आजी शाळेत तक्रार घेऊन आली होती म्हणे, तेही सांगून टाकते.

एक लक्षात ठेवा. पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळांना कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आहे. त्या समितीत पाऊण भाग पालक असायला हवेत आणि निम्म्या बाया. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं नावाला आहेत, सहीपुरत्या. बैठकीची वेळ, पाळ्या, मुलींचं स्वच्छतागृह, हे विचारायची जागा तीच आहे.

आता मानसन्मानाचं दुसरं अंग, म्हणजे अभ्यासाचं. दहावीला पहिली आली की शाल, नारळ, स्टीलची ढाल. आमच्या गावात एका मुलीकडं सात ढाली आहेत, धान्याच्या कोठीवर मांडल्यात. तिची आई म्हणते, एकीतही पाणी पिता येत नाही. हसू येतं, पण खरं आहे. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी होती. चौदा वर्षांच्या वयात तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्याबद्दल असं सांगतात की बक्षीस म्हणून खाऊ पुढं केला तेव्हा तिनं खाऊ नको, वाचनालय द्या असं म्हटलं.

तर वाचायला आणि शिकायला पैसे देणारा मान कुठला, तर आठवीतली एनएमएमएस परीक्षा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची ही शिष्यवृत्ती कुठल्याही जातीच्या मुलामुलीला आहे. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५० चालतात, आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. दोन पेपर, ९०-९० गुणांचे. एक बुद्धिमत्तेचा, एक शाळेच्या विषयांचा. निवड झाली की नववी ते बारावी महिना १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,०००, चार वर्षांचे ४८,०००. पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात येतात.

अर्ज शाळेमार्फत भरला जातो. पण कागद आपण द्यायचे असतात आणि घोटाळा तिथंच होतो. आमच्या गटातल्या एका वहिनींची मुलगी पास झाली, निवड झाली, नववीचे पैसे आले. दहावीत नूतनीकरणाचा अर्ज भरायचा असतो हे घरी कुणाला माहीत नव्हतं आणि शाळेतून कुणी सांगितलं नाही. पैसे थांबले. वहिनींना वाटलं, पोरगी अभ्यासात मागं पडली म्हणून सरकारनं बंद केले. त्यावरून तिला बोलणीही खाऊन झाली. म्हणून सांगते, हा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. आणि आधारवरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं नाव, बँकेतलं नाव, तिन्ही अक्षरनअक्षर सारखी हवीत. "बाई" एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडं नाही, एवढ्यावरही अडतं.

परीक्षा पास होऊनही यादीत नाव आलं नाही, असं होतं, कारण जागा ठरलेल्या असतात. मराठा, कुणबी समाजातल्या अशा मुलांसाठी सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, तीही शाळेत विचारा.

आमच्या गटानं यंदा उशिरा येणाऱ्यांच्या दंडाची जमलेली रक्कम काढली आणि आठवीतल्या मुलांसाठी सरावाची चार पुस्तकं घेतली. ती फिरती आहेत, आठवड्याला एका घरी. ढाल घ्यायची की पुस्तकं, यावर बरीच वादावादी झाली. ढाल फोटोत चांगली दिसते, हा मुद्दा तसा खोटा नव्हता.

आणि लेकीचं विचाराल, तर यंदा ती दहावीत आहे. पुन्हा उभी राहिली आणि पडली. नववीतल्या एका मुलीनं तिला नऊ मतांनी पाडलं. ती मुलगीही बाहेरगावचीच, आमच्याच गाडीनं येते. शनिवारी दोघी शेजारी बसून येतात आणि फाट्यापर्यंत भांडत असतात, सहल कुठं न्यायची यावरून. पाणी आता धाकटा भरतो. अर्धं सांडतो, पण भरतो.

येत्या शुक्रवारी गटाची बैठक आहे. ज्यांची मुलं आठवीत आहेत त्यांनी आधार, बँकेचं पुस्तक आणि सातवीचं प्रगतिपत्रक घेऊन या. उत्पन्नाचा दाखला नसेल तर तलाठ्याकडून सुरुवात करावी लागते, त्याला वेळ लागतो, तेव्हा उद्याच जा.