सॉफ्ट स्टार्टर: महाळुंग्याचा हिशेब आणि आपला हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस बोंडातून काढला तसा व्यापाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा नाही, सरकी आणि रुई वेगळी करून विकायची, असे ठरवून शेतकरी एकत्र येऊन जिनिंग टाकू लागले आहेत. कोणी ज्वारी भरडून पशुखाद्य करतो. यंत्रे आली की मोटारी आल्या आणि मोटारींच्या मागोमाग सॉफ्ट स्टार्टर विकणारा येतो. तो म्हणतो, "महाळुंग्याच्या कारखान्यांत हाच बसवतात." हे खोटे नाही. पण तेवढ्यावर खरेदी करू नका.

1980 साली कांद्याच्या भावासाठी शेतकरी ज्या चाकणला रस्त्यावर बसला, त्याच्या शेजारचे गाव महाळुंगे. आज तिथे औद्योगिक वसाहत आहे, बजाज ऑटोचा कारखाना आहे. असा मोठा कारखाना उच्च दाबाची वीज घेतो, आपला ट्रान्सफॉर्मर आपण बसवतो. आपल्याकडे एका डीपीवर अनेकांचे पंप. फरक इथून सुरू होतो.

मोटार थेट सुरू केली, तर सुरुवातीला नेहमीच्या सहा ते आठ पट करंट ओढते. सॉफ्ट स्टार्टर दाब हळूहळू वाढवतो, म्हणून करंट तीन-चार पटीवर धरता येतो, पट्ट्याला झटका बसत नाही. पण याची किंमत मोजावी लागते. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाने घटतो. दाब निम्मा केला की जोर निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो.

म्हणून पहिला प्रश्न एचपीचा नाही, बोजाचा. पंखा आणि साधा पंप सुरुवातीला हलके असतात, त्यांना हे यंत्र मानवते. सरकी भरलेला स्क्रू कन्व्हेयर पहिल्याच फेऱ्याला पुरा जोर मागतो. तिथे मोटार गुणगुणत उभी राहील आणि तापेल. असे यंत्र रिकामे करून मगच सुरू करावे. ते जमत नसेल तर व्हीएफडीचा विचार करावा.

दुसरा प्रश्न अँपिअरचा. मोटारीच्या पाटीवरचा करंट वाचा. जिनिंगच्या हवेच्या पंख्याला 30 एचपीची मोटार धरा, तिचा करंट सुमारे 40 अँपिअर. पंख्याचे चाक जड, पुऱ्या वेगाला यायला वेळ लागतो. तेवढा वेळ स्टार्टर तीन-चार पट करंट सोसत असतो. म्हणून विक्रेत्याला "40 अँपिअरचा द्या" म्हणू नका. "जड सुरुवातीसाठी 40 अँपिअर" असे लिहून मागा. बहुधा एक माप वरचा घ्यावा लागतो. तासाला किती वेळा सुरू करणार, हेही लिहा.

तिसरा प्रश्न उन्हाचा. बरेच स्टार्टर 40 अंश धरून मापलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 44-45 आणि पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. जिनिंगमध्ये रुईची धूळ वेगळीच. पेटी बंद, सावलीत, साफ ठेवा. सुरुवात झाल्यावर करंट बाहेरून नेणारा बायपास कॉन्टॅक्टर असलेलाच घ्या. पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर स्टार्टर आणि मोटारीच्या मध्ये कधीही जोडू नका, आतले थायरिस्टर उडतील.

चौथा प्रश्न डीपीचा. 63 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुऱ्या बोजाला सुमारे 85 अँपिअर देतो. आपली 30 एचपीची मोटार थेट सुरू केली तर 240 मागेल. सॉफ्ट स्टार्टरने साडेतीन पटीवर धरली तरी 140. म्हणजे यंत्र बसवूनही शेजाऱ्याच्या पंपाचा दाब पडणारच. अशा जागी आधी ट्रान्सफॉर्मर मोठा, मग स्टार्टर.

आता पाच एचपीच्या विहिरीच्या पंपाचे. त्याला सुमारे आठ अँपिअर लागतात. त्याच्यासाठी हा खर्च बहुधा परवडत नाही. साधा स्टार्टर, चांगला ओव्हरलोड रिले आणि एक फेज गेल्यावर मोटार बंद करणारे प्रिव्हेंटर एवढे पुरे. खोल बोअरच्या सबमर्सिबलला कोणी बसवलाच, तर सुरुवात लांबवू नये. तीन सेकंदांच्या आत पुरा दाब मिळावा, नाहीतर थ्रस्ट बेअरिंग झिजते. कंपनीचे पुस्तक पाहूनच लावा.

विक्रेता सांगेल, वीजबिल वाचते. मोटार पुऱ्या बोजावर पुऱ्या वेगाने चालू लागली की यात बचत नाही. तो सांगेल, कमी दाबावर मोटार जळणार नाही. हेही खरे नाही. 415 व्होल्टची मोटार 330 वर चालवली तर जोर 63 टक्के उरतो. सॉफ्ट स्टार्टर दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. पडका दाब हा वीज देणाऱ्याचा दोष आहे, त्याचा दंड शेतकऱ्याने यंत्र विकत घेऊन का भरावा?

2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात वीजबिल माफ आहे. पण जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग कोणी माफ करत नाही. आमची मागणी फुकटाची नाही, पुऱ्या दाबाची आहे.

गावी गेल्यावर एक काम करा. पंप चालू असताना वायरमनकडून तिन्ही फेजचा दाब मोजून घ्या, तारीख-वेळेसह वहीत लिहा. ती वही पाहिल्याशिवाय कोणत्याही कोटेशनवर सही करू नका. आणि दाब पडका निघाला तर त्याच वहीची नक्कल जोडून वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. शंभर गावांच्या वह्या एकत्र आल्या तर त्या नाकारणे कोणालाही सोपे जाणार नाही.