नाव सम्राटाचे, हात कुंभाराचे



लोणच्याची बरणी आणि चहाची कपबशी यांना आपण सहजपणे 'चिनीमातीची' म्हणतो. या एका शब्दात एका देशाच्या विद्येची पोच आहे. भोपाळच्या जवाहर चौकातील मराठी बिऱ्हाड असो की गिरगावातील, कपबशी सर्वांच्या परिचयाची. पण या विद्येचे वैभव पाहायचे असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतील चिनी पात्रे तेथे आहेत.

चीनच्या राजदरबारासाठी घडलेल्या पात्रांत ड्रॅगनच्या चित्राचा मान मोठा. आम्हा ख्रिस्ती मंडळींना ड्रॅगन म्हटला की संत जॉर्जच्या भाल्याखालचा दुष्ट प्राणी आठवतो. चीनमध्ये मात्र तो मेघांचा आणि पर्जन्याचा स्वामी, म्हणून सम्राटाचे चिन्ह. पाच नखांचा ड्रॅगन हा राजमान. पात्राच्या तळाशी कारकीर्दीचे नाव लिहीत. पुढील काळातील कारागीरही जुनी नावे घालीत. तेव्हा केवळ अक्षरांवरून पात्राचे वय ठरवू नये.

ही पात्रे जिंगदेझेन या कुंभारनगरीत घडत. कच्च्या मातीवर निळ्या रंगाने ड्रॅगन रेखाटायचा. माती रंग तत्काळ शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. त्यावर झिलई देऊन सुमारे १३०० अंश उष्णतेत पात्र भाजायचे. तेथे राहून आलेले फ्रेंच जेझुइट धर्मगुरू फादर दांत्रकोल यांनी १७१२ आणि १७२२ साली लिहिलेल्या पत्रांत ही कृती वर्णिली आहे. एक पात्र सत्तर कारागिरांच्या हातांतून जाते, असे ते सांगतात. एवढे करून खोट राहिली, तर राजासाठी केलेले पात्र फोडून पुरून टाकीत.

सर्वांत कठीण काम ड्रॅगनच्या प्रचंड रांजणांचे. वाळताना वा भाजताना ते तडकत. वान्ली सम्राटाच्या काळी, १५९९ च्या सुमारास, रांजण साधेनात आणि दरबारी अधिकाऱ्याचा जाच वाढला. तेव्हा तोंग बिन नावाच्या कुंभाराने धगधगत्या भट्टीत उडी घेतली, आणि रांजण निर्दोष उतरले, अशी आख्यायिका आहे. रांजण त्यामुळे उतरले की नाही, हे कोण सांगणार? मात्र त्या जाचाविरुद्ध कुंभारांनी पुढे दंगा केला, ही इतिहासातील गोष्ट आहे. तोंग बिनला लोकांनी भट्टीचा देव मानले. पुढे अठराव्या शतकात राजभट्ट्यांचे अधिकारी तांग यिंग यांनी टाकून दिलेला, खोट असलेला असा एक रांजण उचलून या देवाच्या मंदिराजवळ सन्मानाने ठेवविला.

ज्या रांजणाला दरबाराने नाकारले, त्याला त्या जाणत्या माणसाने मान दिला. कारण त्यात त्याला राजाची हौस नव्हे, तर कुंभाराचे प्राण दिसले. वस्तुसंग्रहालयातील कपाटापुढे उभे राहिल्यावर किंमत आणि कारकीर्द आपण अवश्य विचारावी. पण पाच नखांची ती अचूक रेघ ज्या हाताने ओढली, त्याचे नाव तळाशी लिहिलेले नसते, याचीही आठवण ठेवावी.