पाणी शिरतं तिथली माती



माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा, हे आपल्याला पाठ आहे. शेतात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचं, शेवटी अर्धा किलो पिशवीत भरायची. बांधाजवळची, पाटाजवळची माती घ्यायची नाही. नत्र, स्फुरद, पालाशसाठी ही रीत योग्यच आहे. पण शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू शोधायचे असतील, तर तीच आपल्याला फसवते. पाण्याबरोबर आलेले धातू, गाळ पहिल्यांदा बसतो तिथेच जास्त साठतात.

जपानच्या तोयामा प्रांताला याची फार मोठी किंमत मोजावी लागली. जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण. जस्ताच्या खनिजासोबत असणारं कॅडमियम नदीतून पाटांत आणि पाटांतून भातखाचरांत आलं. खालच्या गावांत उतारवयातल्या बायकांची हाडं नुसत्या खोकल्यानं मोडू लागली. या इताई-इताई रोगामागे कॅडमियम आहे, हे जपान सरकारनं 1968 मध्ये मान्य केलं.

मग प्रश्न आला, दूषित जमीन कोणती? 1970 च्या कायद्यानं कॅडमियमसाठी मातीचा नव्हे, तांदळाचा आकडा धरला: किलोमागे 1 मिलिग्रॅम. मला यात मोठं शहाणपण दिसतं. खाचरात पाणी उभं असताना कॅडमियम गंधकाशी बांधलेलं राहतं, मुळांना फारसं मिळत नाही. पाणी काढलं की तेच मोकळं होतं. म्हणजे माती तीच, पण दाण्यात उतरणारं विष कमी-जास्त. शिवाय एकाच खाचरात पाणी शिरतं त्या तोंडाशी कॅडमियम अधिक, लांबच्या कोपऱ्यात कमी. जिन्झूच्या खोऱ्यात सुमारे 1,500 हेक्टर क्षेत्र दूषित ठरलं. त्यातल्या 863 हेक्टरांवर दूषित थर गाडून वर चांगली माती घालण्याचं काम 1979 मध्ये सुरू झालं, ते 2012 मध्ये संपलं.

आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात. जस्त, तांबं त्यात आहे, पण ते पिकाला पुरतं का हे पाहण्यासाठी. शिसं, कॅडमियम नाही. नमुनाही बागायतीत अडीच हेक्टरांना एक, जिरायतीत दहा हेक्टरांना एक. एवढ्या मोठ्या जाळीतून नाल्याच्या पाण्यावर भिजणारं एखादं वावर सहज निसटतं, आणि पालेभाजी नेमकी तिथेच पिकत असते! जड धातूंचा नकाशा वेगळा, पाण्याच्या वाटेनंच काढायला हवा.

धातू सापडला म्हणजे तो बाहेरूनच आला, असंही नाही. आपल्या काळ्या मातीत तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच बऱ्यापैकी असतं, बेसॉल्ट खडकातून आलेलं. म्हणून वरच्या थराबरोबर खोलवरचाही नमुना घ्या. खाली कमी आणि वर पुष्कळ जास्त असेल, तर ते बाहेरून आल्याचा संशय घ्यायला हवा.

सांडपाण्यावर शेत भिजत असेल, तर पाणी शिरतं तिथली माती वेगळ्या पिशवीत घ्या, बाकीच्या मातीत मिसळू नका. लोखंडी फावड्याऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचं अवजार वापरा. आणि चिठ्ठीवर गट नंबराखाली पाणी कुठून येतं, तेही लिहा.