धूळ, तूस आणि डोळ्यांची राखण
(गिरगावातील फणसवाडी येथे कोकणातील चाकरमानी शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावेच सांगतात की गिरगावात एके काळी बागा होत्या. आता फणस नावापुरता उरला आहे आणि वाट्याला धूळ आली आहे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मेट्रोसाठी गिरगाव व काळबादेवी येथे कित्येक वर्षे खोदकाम चालले. ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली. तरी जुन्या चाळी पाडून नव्या इमारती बांधण्याचे काम चालूच आहे. बांधकामाभोवती उंच पत्रे लावावेत, ओले हिरवे कापड बांधावे, पाणी शिंपडावे, असे नियम महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये घातले. आपल्या गल्लीत ते पाळले जात नसतील तर वॉर्ड ऑफिसात तक्रार अवश्य नोंदवावी.

आपल्यापैकी अनेक जण दसरा-दिवाळीच्या सुमारास भातकापणी व मळणीसाठी गावी जातात. त्यामुळे शहरातली आणि खळ्यावरची, अशा दोन्ही धुळींशी आपली गाठ पडते. या दोन्हींचा धोका सारखा नाही. तो फरक समजून घेणे, हाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम शहरातील धूळ पाहू. हवेतील बारीक कण १० मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या भागाहूनही बारीक. ते डोळ्यावरील अश्रूंच्या थरात मिसळतात. गाड्यांच्या धुरामुळे हा थर बिघडतो व लवकर सुकतो. मग डोळे चुरचुरतात, लाल होतात, पाणी येते. अशा वेळी हात नकळत डोळ्याकडे जातो. पण चोळल्याने कण बुबुळावर घासला जातो व ओरखडा उठतो. म्हणून डोळे चोळू नयेत. हात धुवावेत, मग पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळे हलकेच धुवावेत. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवावी. घरात केर काढताना आधी पाण्याचा हलका शिडकावा करावा किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. इतके केले तर हा त्रास बहुधा आटोक्यात राहतो.

खळ्यावरची गोष्ट मात्र वेगळी आहे. भाताची पात करवतीसारखी असते. झोडणी-उफणणीच्या वेळी तूस आणि कुसे उडतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यावर पात किंवा तूस लागले तर बारीकशी जखम होते आणि त्यावाटे बुरशी आत शिरते. पहिल्या दिवशी नुसते खुपते. पुढे दुखणे वाढते, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. वेळीच उपचार झाला नाही तर डोळ्यात फूल पडते आणि दृष्टी जाते. पिकावरच्या करप्याची वाट पाहून फवारणी केली तर पीक हातचे जाते, हे आपण जाणता. डोळ्याचेही तसेच आहे.

अशा वेळी दुकानातून थेंब आणून घालण्याची चूक मोठी महागात पडते. काही थेंबांत स्टेरॉईड असते. त्याने लाली उतरते, बरे वाटते, पण आतली बुरशी फोफावते. असे थेंब दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदूही होऊ शकतो. मध, तूप, दूध किंवा पाल्याचा रसही घालू नये. डोळ्यांत तेल घालून राखण करावी असे आपण म्हणतो. ते राखणीपुरतेच खरे मानावे! पदराच्या टोकाने किंवा काडीने कचरा काढू नये.

तिसरा धोका चुन्याचा. सुपारीवर बोर्डो मिश्रण वर तोंड करून फवारताना थेंब डोळ्यांत पडतात. चुना कालवतानाही शिंतोडे उडतात. चुना डोळा जाळत आत जातो. तेव्हा क्षणही न दवडता पापण्या उघड्या धरून किमान २० मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी. लिंबू वगैरे काहीही लावू नये. धुणे आधी, मग तातडीने दवाखाना, हा क्रम विसरू नये.

थोडक्यात, पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) झोडणी, उफणणी, मळणी यंत्र व फवारणी या कामांत बाजूंनी बंद असलेला पारदर्शक चष्मा वापरावा.
२) उफणताना वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे. राब भाजताना धुराच्या दिशेला थांबू नये.
३) शेतात स्वच्छ पाण्याची एक बाटली केवळ डोळ्यांसाठी ठेवावी.
४) पात, तूस किंवा काडी लागून डोळा दुखत असेल, अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. "शेतात लागले आहे" हे आवर्जून सांगावे, म्हणजे बुरशीची तपासणी होईल.

गावी नेत्रतज्ज्ञ नसतील तर तालुक्याला किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. मुंबईत सर ज. जी. समूह रुग्णालयात नेत्रविभाग आहे. हंगामात एक दिवसाचे काम बुडेल म्हणून थांबू नये. भात चार दिवसांनी झोडता येते. गेलेली नजर परत आणणे मात्र फार कठीण असते. येत्या सुगीला गावी जाताना पिशवीत विळ्याबरोबर चष्माही घ्यावा, एक आपल्यासाठी आणि एक घरच्या लक्ष्मीसाठी, कारण उफणणीचे सूप बहुधा तिच्याच हाती असते.